बायपोलर आणि बॉर्डरलाइन दोन्ही असलेल्यांसाठी (आणि त्यांच्या घरच्यांसाठी) धागा

अबोली_नाशिक

नमस्कार मंडळी. इथे डिप्रेशनवर, ॲन्क्झायटीवर बरेच धागे आहेत, बायपोलरवर पण एकदोन सापडले, पण बायपोलर (मूड काही दिवस-आठवडे फार चढतो किंवा फार पडतो) आणि बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर (भावनांचे भडके, सोडून जातील ही भीती) हे दोन्ही ज्यांना आहे त्यांच्यासाठी काहीच दिसलं नाही म्हणून नवीन काढतेय. मला दोन्ही आहे. बायपोलर टाइप २ (ज्यात चढ सौम्य असतो, त्याला हायपोमेनिया म्हणतात) आधी कळलं, बॉर्डरलाइन नंतर काही वर्षांनी, आणि ते कळल्यावर कुठे बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. तोवर सगळे मला विचारायचे की गोळ्या वेळेवर घेतेस ना मग अजून असं का होतं, आणि मलाही उत्तर माहीत नव्हतं.

माझं म्हणणं एकच आहे आणि ते पहिलंच सांगून टाकते. दोन्ही असेल तर आत्ता जे चाललंय ते दोघांतल्या कशाचं आहे हे ओळखायला शिकावं लागतं. कारण उपाय वेगवेगळे आहेत. बायपोलरचा एपिसोड (चढलेल्या किंवा पडलेल्या मूडचा सलग काळ) सुरू होत असेल तर डॉक्टरांना फोन, झोप सांभाळणं, डोस बघणं. बॉर्डरलाइनचा भडका असेल तर गोळी वाढवून फारसं काही होत नाही, तिथे थेरपीत शिकलेल्या गोष्टी वापराव्या लागतात आणि वेळ जाऊ द्यावा लागतो.

उदाहरण देते म्हणजे कळेल. परवा दुपारी नवऱ्याला मेसेज केला, आज लवकर येशील का. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. बऱ्याच वेळाने नुसतं "बघतो". झालं, तेवढ्यावर माझ्या डोक्यात हा आता मला कंटाळलाय, हा सोडून जाणार, मी आहेच अशी, हात गार पडले, छातीत धडधड, ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले, मग रडणं थांबून राग आला आणि एक लांबलचक मेसेज टाइप केला ज्यात लग्नापासूनचं सगळं होतं. तो पाठवला नाही, नोट्समध्ये ठेवला, हे आता जमतं. तो घरी आला तेव्हा कळलं की गाडीवर होता, सिग्नलला दोन अक्षरं टाइप केली. साडेआठला आम्ही मेथी निवडत बसलो होतो आणि मी ठीक होते. खरंच ठीक, नाटक नाही. हा बॉर्डरलाइनचा भाग. कोणीतरी काहीतरी केलं (किंवा केलं नाही), तिथून पेटलं, आणि काही तासांत विझलं.

आता दुसरं. दिवाळीच्या आधी एकदा असं झालं की भांडण नाही, कोणाचा मेसेज नाही, काहीच कारण नाही आणि पहाटे तीनला टक्क जाग. थकवा अजिबात नाही. घरातली सगळी कपाटं रिकामी केली, फराळाच्या ऑर्डरी घ्यायचं ठरवलं, वाण्याकडून उधारीवर बेसन आणि तुपाचे डबे उचलले, बोलणं इतकं भरभर की जाऊबाई म्हणाल्या अगं जरा श्वास घे. दुसऱ्या दिवशी पण तेच, तिसऱ्या दिवशी जास्त, आठवडाभर चढतच गेलं. कोणी कितीही प्रेमाने बोललं तरी उतरलं नसतं. तो हायपोमेनिया. डॉक्टरांनी औषध बदललं तेव्हा खाली आलं, आणि नंतर नेहमीसारखं डिप्रेशन आलं ते काही आठवडे.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे दोन्ही एकदम. चढलेल्या मूडमध्ये "बघतो" आलं असतं तर तो मेसेज नोट्समध्ये राहिला नसता.

मी एक साधी वही ठेवते. किती वाजता झोपले, किती वाजता उठले, मूड, त्या दिवशी काय घडलं, गोळ्या, पाळीची तारीख. बस. डॉक्टरांसमोर बसल्यावर दहा मिनिटांत महिना आठवत नाही, वही दाखवली की त्या स्वतःच म्हणतात हा एपिसोड दिसतोय, हा नाही. झोपेचा रकाना सगळ्यात जास्त बोलतो.

तुमचे अनुभव लिहा. घरच्यांनी पण लिहा.

देवराई

ताई, फार बरं केलंत. मला बायपोलर १ (ज्यात मोठा चढ, म्हणजे मेनिया येतो) आहे, बॉर्डरलाइन नाही असं डॉक्टर म्हणतात पण मला शंका आहे कारण माझा मूड दिवसातून तीनचार वेळा बदलतो. हे रॅपिड सायकलिंग आहे का?

मनकवडा

देवराई, मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, इथे कोणाचं निदान करणार नाही, ते समोरासमोर बसूनच होतं. पण काही गोष्टी सांगतो कारण यात खूप गोंधळ असतो.

रॅपिड सायकलिंग म्हणजे वर्षात चार किंवा जास्त एपिसोड. एपिसोड हा शब्द महत्त्वाचा. हायपोमेनिया म्हणायला सलग चार दिवस तरी लागतात, मेनियाला आठवडा (किंवा ॲडमिट करावं लागलं तर आधीच), डिप्रेशनला दोन आठवडे. दिवसातून तीनदा बदलणारा मूड सहसा त्यात बसत नाही. बॉर्डरलाइनमध्ये मूड काही तास टिकतो, काही दिवसांपेक्षा जास्त क्वचितच, आणि बहुतेक वेळा नात्यात काहीतरी घडलेलं असतं. पण नुसता मूड लवकर बदलतो म्हणून बॉर्डरलाइन होत नाही. नऊ निकष आहेत त्यातले पाच लागतात, सोडून जाण्याची भीती, टोकाची नाती, आपण नक्की कोण हे न कळणं, आतून रिकामं वाटणं, स्वतःला इजा, राग वगैरे, आणि हे तरुण वयापासून सतत दिसावं लागतं, फक्त एपिसोडपुरतं नाही. मेनियात कोणीही बेदरकार खर्च करेल, तेवढ्यावरून बॉर्डरलाइन म्हणणं चूक. म्हणून शहाणा डॉक्टर एपिसोड उतरल्यावर पुन्हा बघतो.

दोन्ही एकत्र असणं दुर्मिळ नाही. वेगवेगळ्या अभ्यासांचा मेळ घातला तर बायपोलर असलेल्या साधारण पाचातल्या एकाला बॉर्डरलाइन पण असतं आणि उलट बाजूनेही आकडा जवळपास तसाच येतो.

उपचारांबद्दल अबोलीताई म्हणतात ते बरोबर आहे. बायपोलरला मूड स्टॅबिलायझर (मूड स्थिर ठेवणारी औषधं) लागतातच, थेरपी त्याच्या जोडीला. बॉर्डरलाइनचा मुख्य उपचार थेरपी आहे. ब्रिटनमध्ये उपचारांच्या सूचना काढणाऱ्या नाइस या संस्थेने २००९ मध्येच सांगितलं की बॉर्डरलाइनसाठी म्हणून औषधं देऊ नका, सोबत दुसरा आजार असेल तर त्याची द्या. लॅमोट्रिजिन या मूड स्टॅबिलायझरवर मोठी आशा होती, पण २०१८ मध्ये तिथलीच एक मोठी ट्रायल आली त्यात बॉर्डरलाइनसाठी त्याचा फायदा दिसला नाही. बायपोलरच्या डिप्रेशनला आळा घालायला ते उपयोगी आहेच. ज्यांना दोन्ही आहे त्यांना हा फरक माहीत असला की गोळी लागू पडत नाही म्हणून निराश व्हायची वेळ येत नाही, कारण ती ज्यासाठी दिलीय ते काम ती करत असते.

स्पष्टवक्ता

वाचून वाईट वाटलं पण एक सांगतो, आमच्या आईवडिलांच्या काळात असलं काही नव्हतं. मेसेजला उशीर झाला म्हणून रडायचं याला आजार म्हणायचं का? सकाळी उठून सूर्यनमस्कार घाला, मोबाइल बाजूला ठेवा, अर्धे प्रश्न सुटतील.

अबोली_नाशिक

स्पष्टवक्ता, मी सूर्यनमस्कार घालते. चालायला पण जाते, आणि फायदा होतो, नाही म्हणत नाही. पण तुमच्या आईवडिलांच्या काळात हे होतं. माझ्या आजोळी एक मावशी होत्या ज्यांना माळ्यावरच्या खोलीत ठेवायचे आणि पाहुणे आले की दार ओढून घ्यायचे, त्यांचं नावही कोणी घेत नसे. लिथियम या औषधाचा मेनियावर उपयोग जॉन केडने ऑस्ट्रेलियात १९४९ ला दाखवला, म्हणजे आजार त्याच्याही आधीचा. मेसेजला उशीर झाला म्हणून रडते ही गोष्ट मी मुद्दाम लिहिली कारण तुम्हाला जे क्षुल्लक वाटतं ते त्या अर्ध्या तासात मला जिवावरचं वाटत असतं, आणि ज्यांना असं होतं ते लाजेने कोणाला सांगत नाहीत. इथे तरी सांगू दे त्यांना.

दादर_वेस्ट

+१ अबोली. स्पष्टवक्ता, तुम्ही हेतूने वाईट नाही लिहिलंय हे कळतं पण असल्या वाक्यांमुळे माझ्या भावाचा उपचार कितीतरी लांबला.

रत्नांग्रीचा_बाबा

मी बाप म्हणून लिहितोय. मुलगी चोवीस वर्षांची. दोन्ही निदानं आहेत. आधी गावातल्या लोकांनी बाहेरचं काहीतरी आहे म्हणून सांगितलं, ते पण करून झालं, मग रत्नागिरीला सरकारी मनोरुग्णालयाच्या ओपीडीला नेलं. तिथे चांगलं बघतात. गोळ्या तिथूनच मिळतात, नाहीतर आम्हाला परवडलं नसतं. मेनियासारखं आता वर्षभर काही नाही. पण घरातलं वातावरण तंग. एक दिवस म्हणते बाबा तुमच्याशिवाय मला कोणी नाही, दुसऱ्या दिवशी म्हणते तुम्ही माझं आयुष्य बरबाद केलंत, तोंड बघायचं नाही. बायको गप्प बसून राहते, मी चिडतो. मला एवढंच विचारायचंय की तिला असं झालं त्या वेळी आम्ही नेमकं काय बोलायचं. शांत हो म्हटलं की ती जास्तच भडकते.

अबोली_नाशिक

काका, तुम्ही एवढं मनापासून विचारताय हेच पुष्कळ आहे. मी मुलीच्या बाजूने सांगते. "शांत हो" म्हटलं की आम्हाला ऐकू येतं की तुझं दुःख खोटं आहे. "एवढं काय झालं" तर त्याहून वाईट. माझ्या घरी आता असं करतात, पहिल्यांदा जे दिसतंय तेवढंच बोलायचं. "तुला फार लागलंय हे." किंवा "तुला वाटतंय की आम्ही तुला टाकलं, बरोबर?" बस. ती म्हणते ते खरं आहे असं म्हणायची गरज नाही. तिला तसं वाटतंय हे खरं आहे, तेवढं मान्य करायचं. बाजू मांडणं, आठवण करून देणं, कोण बरोबर ते ठरवणं, हे सगळं दुसऱ्या दिवशी चहा घेताना.

आणि बाबा म्हणून तुम्हालाही सीमा आहेत. आवाज चढला, वस्तू फेकली तर "मी आता अंगणात जातोय, अर्ध्या तासाने परत येणार आहे" असं सांगून जायचं. परत येणार हे सांगणं फार महत्त्वाचं, आणि सांगितलेल्या वेळेला यायचंच. न सांगता उठून गेलात की तिच्या डोक्यात तुम्ही कायमचे गेलात.

"आयुष्य बरबाद केलंत" आणि "तुमच्याशिवाय कोणी नाही", दोन्ही त्या त्या क्षणी ती मनापासूनच म्हणते काका. तुम्हाला फसवत नाहीये.

मनकवडा

काका, अबोलीताईंनी जे सांगितलं तेच आम्ही घरच्यांना शिकवतो. डीबीटी म्हणून जी थेरपी आहे तिचा हा पायाच आहे. अमेरिकेत सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मार्शा लिनेहान यांनी ती तयार केली, पुस्तक १९९३ चं. बाईंनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं की तरुणपणी त्या स्वतः अशाच त्रासातून गेल्या होत्या, बराच काळ हॉस्पिटलात होत्या. पूर्ण स्वरूपात ती साधारण वर्षभराची असते, दर आठवड्याला एकट्याचं सत्र आणि शिवाय गटात स्किल्स शिकणं. आपल्याकडे पूर्ण डीबीटी मोजक्या ठिकाणी आणि महाग आहे, पण स्किल्स शिकवणारे थेरपिस्ट पुणे-मुंबई-ठाण्यात मिळतात, ऑनलाइनही. विचारताना सरळ विचारा की तुम्ही डीबीटी स्किल्स शिकवता का, बॉर्डरलाइनचे पेशंट बघता का. काही जण बघत नाहीत, ते आधीच कळलेलं बरं.

अजून एक. लोकांना वाटतं पर्सनॅलिटीचा आजार म्हणजे जन्माचा, बदलणार नाही. तसं नाही. बॉस्टनच्या मॅक्लीन हॉस्पिटलमधून बॉर्डरलाइनच्या पेशंटांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला गेला, त्यात दहा वर्षांत दहातल्या नऊहून जास्त जणांची लक्षणं किमान दोन वर्षं शमलेली होती. नोकरी आणि नाती धरून पूर्ण सावरलेले मात्र निम्मेच. म्हणून लक्षणं कमी झाली की काम, शिक्षण, मैत्री यांच्याकडे लगेच लक्ष द्यायचं. तुमच्या मुलीला गोळ्या लागू पडल्यात, आता तिला दिवसभराचं काहीतरी काम हवं.

रत्नांग्रीचा_बाबा

धन्यवाद दोघांचे. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली अर्ध्या तासाने परत येतो हे सांगत नव्हतो आपण.

सागरिका_यूके

मी लीड्सला असते. इकडे जुन्या कागदांवर बॉर्डरलाइनला इमोशनली अनस्टेबल पर्सनॅलिटी डिसऑर्डर असं लिहिलेलं असतं, गोंधळू नका, तेच आहे. मला स्वतःला दोन्ही आहे. इकडच्या डीबीटी ग्रुपमध्ये शिकलेली एक गोष्ट लिहिते जी मला खरोखर वाचवते. एकदम टोकाला गेल्यावर विचाराने काही होत नाही, आधी शरीर खाली आणायचं. परातीत किंवा मोठ्या वाडग्यात गार पाणी घ्यायचं, खाली वाकून श्वास रोखायचा आणि डोळे-गाल बुडतील एवढा चेहरा पाण्यात पंधरावीस सेकंद धरायचा. हृदयाचे ठोके हळू होतात, ही शरीराचीच सोय आहे. हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. त्याने प्रश्न सुटत नाही, पण पुढची वीस मिनिटं काही करून न बसता जातात, आणि बॉर्डरलाइनमध्ये वीस मिनिटं खूप असतात.

मेनियात मात्र हे चालत नाही. तिथे मला दुसराच नियम आहे. दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप आणि तरीही फ्रेश वाटलं तर माझ्यावर उपचार करणाऱ्या टीमला फोन, स्वतःशी चर्चा नाही. कारण तोवर मला स्वतःला छानच वाटत असतं आणि मी कोणाचं ऐकत नाही. हे बरी असताना लिहून ठेवलंय आणि नवऱ्याकडे आणि मैत्रिणीकडे कॉपी आहे. बँकेची कार्डं तेव्हा कोणाकडे द्यायची हे पण त्यात आहे.

अबोली_नाशिक

सागरिका, हे लिहून ठेवायचं भारतातही कायद्याने करता येतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २९ मे २०१८ ला. त्यात ॲडव्हान्स डायरेक्टिव्ह म्हणून आहे, म्हणजे मी निर्णय घ्यायच्या स्थितीत नसेन तेव्हा माझ्यावर कसे उपचार करा, कसे करू नका हे आधी लिहून ठेवायचं, आणि माझ्या वतीने बोलायला माणूस नेमायचा. मी नवऱ्याऐवजी बहिणीचं नाव दिलंय कारण माझे भडके बहुतेक त्याच्याभोवतीच असतात आणि मला तो ताण त्याच्यावर नको होता. त्याला आधी लागलं, मग पटलं.

त्याच कायद्यात असंही आहे की जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसावर खूप ताण होता असं धरायचं आणि त्याच्यावर खटला चालवायचा नाही, उलट सरकारने त्याची काळजी घ्यायची. बरेच घरचे पोलिस केसच्या भीतीने हॉस्पिटलात न्यायला उशीर करतात म्हणून मुद्दाम लिहिलं. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यायचा हेही त्यातच आहे, पण ओपीडी आणि थेरपीचा खर्च बऱ्याच पॉलिसींत येत नाही, घेताना नीट वाचून घ्या.

बिननावाची

सगळा धागा वाचला. मला पण दोन्ही आहे. आज त्याने ब्लॉक केलं. मला आता नको झालंय सगळं. हे कोणाला सांगू कळत नाही म्हणून इथे लिहितेय. सॉरी.

अबोली_नाशिक

सॉरी नको गं. लिहिलंस हे चांगलं केलंस. मी सरळ विचारते, मरायचे विचार येतायत का? आत्ता एकटी आहेस का? घरात कोणी असेल तर आत्ता उठून त्यांच्या खोलीत जाऊन बस, काही समजावून सांगू नकोस, नुसतं "मला एकटीला राहवत नाहीये" म्हण. आणि १४४१६ लाव, टेली मानस, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. स्वतःला काही करून घेतलं असशील किंवा थांबवता येत नसेल तर ११२ लाव नाहीतर जवळच्या हॉस्पिटलात जा, कोणालातरी सोबत घेऊन. मी जागी आहे, इथेच आहे. फोन लावलास की एक शब्द लिही.

सागरिका_यूके

मी पण आहे. आमच्याकडे अजून संध्याकाळ आहे, तुझ्यासोबत जागी राहू शकते.

बिननावाची

येतायत विचार. आईला उठवलं. १४४१६ वर बोलले, बऱ्याच वेळ बोलल्या त्या बाई. गोळ्यांचा डबा आईने तिच्या कपाटात ठेवला. उद्या डॉक्टरांकडे.

मनकवडा

तुम्ही आईला उठवलंत हे फार मोठं केलंत. उद्या डॉक्टरांना हेच शब्द सांगा, "मरायचे विचार आले होते", आडवळणाने नको. आणि त्याच्याशी संपर्क, त्याला कोणामार्फत निरोप, हे निदान काही दिवस बाजूला ठेवा.

बाकीच्यांसाठी, अबोलीताईंनी सरळ विचारलं ते योग्यच केलं. विचारल्याने असा विचार डोक्यात येतो हा गैरसमज आहे, उलट माणसाला हायसं वाटतं. ज्यांच्या घरी असा धोका आहे त्यांनी डॉक्टरांशी बोलून आठवड्यापुरत्याच गोळ्या घरी ठेवायच्या, आणि त्या दुसऱ्याच्या ताब्यात. हा अविश्वास नाही, वाईट तास निघून जाईपर्यंतचा बंदोबस्त आहे.

देवराई

बिननावाची, उद्या जाऊन आलीस की लिही हं.

चिंचेचं_बोटुक

मला एक विचारायचं होतं पण मधे लिहावंसं वाटलं नाही. वय सव्वीस, बायपोलर आणि बॉर्डरलाइन, व्हॅल्प्रोएट ही मूडची गोळी चालू आहे. घरी स्थळं बघतायत. आई म्हणते लग्नाआधी सांगायचं नाही. आणि एका मैत्रिणीने सांगितलं की ही गोळी बाळासाठी वाईट असते. खरं आहे का?

मनकवडा

गोळीबद्दल, हो, खरं आहे. गरोदरपणात व्हॅल्प्रोएट चालू असेल तर बाळाच्या पाठीच्या कण्यात दोष आणि नंतर शिकण्या-वाढण्यात अडचणी याचा धोका बराच वाढतो. मूल होऊ शकेल अशा वयातल्या मुलींना आणि बायकांना बायपोलरसाठी ती देऊ नये असं जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते. पण स्वतःहून बंद करू नका, एकदम बंद केल्याने मेनिया उसळू शकतो. सायकियाट्रिस्टकडे जाऊन सांगा की लग्नाचं चाललंय, पर्याय हवा. लॅमोट्रिजिन दिलं तर डोस अगदी सावकाश वाढवतात, अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. गर्भनिरोधक गोळ्यांनी लॅमोट्रिजिनची पातळी कमी होते, तेही सांगून ठेवा.

अबोली_नाशिक

लग्नाबद्दल माझं मत ठाम आहे. सांग. पहिल्या चहापोह्याला नाही, पण होकार द्यायच्या आधी, आणि मुलाला स्वतःला, आईवडिलांमार्फत नाही. हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार लपवून लग्न केलं तर पुढे कोर्टात तो मुद्दा होतो हे एक कारण. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की आपल्याला सोडून जातील ही भीती आधीच एवढी, त्यात रोज गोळ्यांची स्ट्रिप लपवत जगायचं म्हणजे ती भीती घरात आणून ठेवायची. मी सांगितलं तेव्हा एक स्थळ मोडलं. दुसऱ्याने डॉक्टरांना भेटायचं म्हटलं, आला, त्याच्या वहीत प्रश्न लिहून आणले होते. त्याच्याशी लग्न केलं.

चिंचेचं_बोटुक

थँक्यू ताई. आईला हे कसं सांगू ते बघते.

विदर्भवासी

माझ्या बायकोला लिथियम आहे, दोन्ही निदानं. मागच्या मे महिन्यात नागपूरच्या उन्हात हगवण लागली, दोन दिवसांत हात जोरजोरात थरथरायला लागले, चालताना झोक जायला लागला, बोलणं जड झालं. आम्हाला वाटलं तिचा "मूड" असेल. रक्तातली लिथियमची लेव्हल वाढली होती, ॲडमिट करावं लागलं. कोणी हे आधी नीट सांगितलं नव्हतं. आता भाद्रपदात ती हरतालिकेचा निर्जळी उपास करायचा म्हणतेय. काय करावं?

मनकवडा

निर्जळी नको. लिथियम किडनीवाटे बाहेर पडतं. पाणी किंवा मीठ कमी झालं की शरीर ते धरून ठेवतं आणि रक्तातली पातळी चढते. म्हणून उलटी, जुलाब, खूप ताप, खूप घाम, यात त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. एकदम मीठ बंद करणंही नको. आणि मेडिकलवाल्याकडून पाठ-गुडघ्यासाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या परस्पर घेऊ नका, त्यानेही पातळी वाढते. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल. बीपीच्या काही गोळ्यांचंही तेच, म्हणून प्रत्येक डॉक्टरला लिथियम चालू आहे हे सांगायचं. तुम्ही लिहिलेली लक्षणं, जोराची थरथर, झोक जाणं, जड जीभ, गुंगी, ही दिसली की वाट न बघता हॉस्पिटल. ज्यांना बॉर्डरलाइनही आहे त्यांच्या बाबतीत घरच्यांना सगळंच मूड वाटतं आणि इथे उशीर होतो. मूडने जीभ जड होत नाही.

अबोली_नाशिक

माझ्या सासूबाईंनी मला पाणी, फळं आणि भगर चालेल असं करून दिलंय, म्हणाल्या देवाला कळतं. गणपतीत मात्र त्या मला रात्रीच्या आरास-जागरणाला थांबू देत नाहीत, अकराला झोपायला पाठवतात. एका जागरणावरून माझी चढती सुरू होऊ शकते हे त्यांना आता माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. वहिनींना सांगा पाणी पिऊन उपास करा, पूजा सगळी करा.

विदर्भवासी

दाखवलं तिला. पाण्याला तयार झाली, मीठाला नाही. लेव्हल तपासायला रक्त कधी द्यायचं, सकाळची गोळी घेऊन का आधी?

मनकवडा

आधी. रात्रीच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी, सकाळची गोळी न घेता. रक्त देऊन झालं की गोळी घ्यायची. नाहीतर आकडा उगाच जास्त येतो. उपासाच्या दुसऱ्या दिवशी नको, दोनचार दिवस नेहमीचं जेवण झाल्यावर द्या. थायरॉइड आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) सहा महिन्यांत झालं नसेल तर त्याच सुईत करून घ्या. मीठाचं सायकियाट्रिस्टशी बोला, पण उपासाला सैंधव तरी घ्यायला सांगा, तेही मीठच आहे.

बिननावाची

जाऊन आले. डोस बदलला, पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय. डॉक्टर म्हणाले झोपेची वही सुरू कर. रकाने कोणते ते वर लिहिलंयत तसेच आखलेत. पाळीची तारीख पण हवी का, आधीच्या महिन्यांच्या आठवत नाहीत.

अबोली_नाशिक

आजपासूनच्या लिही, मागच्या सोडून दे. पाळीच्या आधीच्या आठवड्यात माझे भडके वाढतात हे मला त्या रकान्यानेच कळलं. परत जायची तारीख कोणती आहे?